तवशाच्या आतला रंग

चाचा रंगाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचे, नख खिडकीकडे धरायचे आणि म्हणायचे, "सुकल्यावर बोलू." पुढे चर्चा नाही. असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. काम चोख, आणि आपला जीव टांगणीला.

राजिवड्याचे चाचा वीस वर्षं कुवेतला इमारती रंगवून परतले होते. "तिकडे रंग लावता लावता सुकतो," ते सांगायचे. "इकडे पेंटर सुकतो, रंग नाय."

आमच्या ओट्याखालची कपाटं गडद तपकिरी होती. तो रंग मी निवडला होता, मळ दिसत नाही म्हणून. अठरा वर्षं माझी पत्नी त्या अंधारापुढे उभी राहून स्वयंपाक करत होती. आजारी पडल्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, "मला हलका हिरवा हवा. तवशाच्या आतला."

कार्डांवरचा एकही रंग तिला पटेना. चाचांनी बाजारातून तवसं, म्हणजे आपली मोठी काकडी, आणलं, ओट्यावर कापलं आणि फोडीशेजारी डबा ठेवून रंग कालवला. ती "हाच!" म्हणाली, तेव्हा त्यांनी ती फोड मिठाला लावून खाऊन टाकली. "नमुना संपला, वैनी. आता बदलायचा नाय."

ती खूप दिवसांनी हसली, आणि मग खोकत राहिली. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "दमा आहे," मी म्हणालो.

दमा नव्हता. डॉक्टरांनी काही महिने दिले होते. आम्हा दोघांना ते ठाऊक होतं, पण घरचं बाहेर बोलायची मला सवय नाही.

"मग या वासात ठेवू नका त्यांना," चाचा म्हणाले. ती आठ दिवसांसाठी दापोलीला बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, "पूर्ण झाल्यावरच बोलवा हं. अर्धवट नको मला."

हवा ओली होती. रंगाचा दुसरा हात चिकट राहिला, म्हणून चाचांनी तो सगळा खरवडून काढला. आठाचे वीस दिवस झाले. मी पाठवलेला फोटो तिला पांढरा दिसला. तिने फोन चाचांना द्यायला लावला.

"काय ओ चाचा, ताजमहाल बांधताय का?"

"तो उन्हात सुकला, वैनी. तुमची फळी पावसात हाय."

मी एकदाच म्हणालो, "चाचा, हात जरा चालवा." त्यांनी नख उजेडाकडे धरलं. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. मी पुस्तक उघडून बसलो.

शेवटचा हात सुकला त्या सकाळी दापोलीहून ती गेल्याचा फोन आला. दुपारी तिला आणून बाहेरच्या खोलीत ठेवलं. चाचा कपाटांना मुठी बसवायला आले होते. त्यांना काही माहीत नव्हतं. तिच्या बहिणीकडून आजाराचं कळल्यावर ते माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "सर, मला बोललात नाय कधी. मी पंखे लावून सुकवला असता. नायतर एका हातावर दाखवला असता."

मी तिच्या अंगावरची चादर नीट करू लागलो.

"एकदा आत न्या त्यांना. चार पावलं तर हायत."

"तशी रीत नाही," मी म्हणालो. रीत कोणाला विचारली होती मी!

ते आत गेले. थोड्या वेळाने कपाटाचं एक दार काढून घेऊन आले आणि तिच्या पायांच्या बाजूला, माणसांच्या मागे, ते छातीशी उभं धरून थांबले. माणसं वळून पाहू लागली. कुणीतरी पुटपुटलं, "हे काय आता मध्येच?"

मला लाज वाटली. आज तेच लिहिणं जड जातंय. मी म्हणालो, "चाचा, आत न्या ते."

त्यांनी नेलं. मग ते आमच्या गल्लीत कधी आले नाहीत. गेल्या महिन्यात तेही वारल्याचं रंगाच्या दुकानात कळलं. त्यांच्या घरी जावं असं मनात आलं, पण तिथे काय सांगणार होतो?

त्या दुपारी आम्ही तिला उचललं, तेव्हा आत चाचा बिजागरीचे स्क्रू आवळत होते. घाई न करता, एकेक.