फुकणी कुठं ठिवली

नाथाजीनं जन्माला येताना थोडी घाई केली असती तर त्याचं सगळंच निराळं झालं असतं. पण तो दुसरा आला. साताऱ्याहून माहुलीकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांचं घर, धंदा पिढीजात सनईचा, आणि घरचा रिवाज असा की थोरल्यानं सनई धरायची, धाकट्यानं सूर. सूर म्हणजे काय, हे लग्नात नुसतं पंगतीकडे लक्ष ठेवून बसणाऱ्यांना सांगावं लागेल. सनईवाला मधोमध बसतो, डोळे मिटून मान डोलावतो. त्याच्या शेजारी दुसरा एक इसम तसंच वाद्य तोंडाला लावून बसलेला असतो, पण त्याच्या वाद्यातून एकच स्वर निघतो. गाल फुगवायचे, नाकानं श्वास घ्यायचा आणि मधे खंड पडू न देता तेवढा एक स्वर मांडव उठेपर्यंत धरायचा. सनई ऐकून बायका डोळे पुसतात. सूर ऐकून कुणी काही पुसत नाही. सूर होता हे लोकांना कळतं ते तो थांबला तर, आणि तेव्हा शिव्या मिळतात.

तर थोरला लालासाहेब सनईवर आणि धाकटा नाथाजी सुरावर, अशी वर्षं गेली. बाप गेला तरी रिवाज गेला नाही. एकदा एका लग्नात लालासाहेबाचं तोंड आलं होतं, पाणीसुद्धा झोंबत होतं. नाथाजीला वाटलं, देवानंच दार उघडलं. त्यानं भावाची सनई उचलली आणि वाजवली. वाईट वाजवली नाही हो, खोटं कशाला बोला. पण लालासाहेबानं घरी आल्यावर सनई पुसून पिशवीत घातली आणि शांतपणे म्हणाला, "नाथा, गानं तुज्यानं व्हायचं न्हाई. तू आपला सूर धर."

ओरडला असता तर परवडलं असतं. शांतपणे बोललेलं माणसाच्या काळजात रुतून बसतं. नाथाजी दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडला तो कृष्णेच्या काठाकाठानं सांगलीला येऊन थांबला. मनात एकच धरलं होतं: एक दिवस ह्याच भावाला समोर उभा करीन, आपलं गाणं पुरतं ऐकवीन आणि 'नाथा, हे गाणं तुझं' असं त्याच्याच तोंडून वदवून घेईन. बाकी त्याला आयुष्यात काही नको होतं. दोन वेळची भाकरी बाळगोंडा शेटच्या अडतीवर गुळाच्या ढेपा उचलून सुटत होती. आटपाडीकडची अंजना बायको मिळाली होती. तिच्या जिभेला अशी धार, की अडतीवरचे हमालसुद्धा तिच्या दारावरून जाताना खाली बघून जात.

मग जर्मनची लढाई संपली आणि पलटणीच्या बँडातून सुटलेले अनंत मास्तर सांगलीत आले. त्यांनी लष्करातले टाकाऊ कोट आणि जुनी पितळी वाद्यं गोळा केली आणि लग्नाचा बँड काढला. नाथाजी धावत गेला. म्हणाला, गाणं वाजवायचंय, क्लॅरोनेट द्या. मास्तरांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. वर्षानुवर्षं सूर धरून त्याचे गाल असे तयार झालेले, की मास्तरांना दुसरं काही सुचलंच नाही. त्यांनी कोपऱ्यातलं सगळ्यात अवजड धूड उचलून त्याच्या खांद्यावर चढवलं. अंगाभोवती पितळेचं वेटोळं, डोक्यावर परातीएवढं तोंड. बँडवाले त्याला बेस म्हणत. त्यातून काय वाजवायचं, तर बाकीचे गाणं वाजवतात तेव्हा खालून पों... पों... घ्या! सूर निदान बसून धरायचा होता. हे ओझं चालत धरायचं.

अंजनानं ते धूड पहिल्यांदा घरात आलेलं पाहिलं तेव्हा विचारलं, ह्याच्यात पाणी तापवायचं का धान्य भरायचं? नाथाजीनं ते उचलून कोपऱ्यात ठेवलं.

दोन लग्नसराया अशा गेल्या. तिसरीच्या आधी मास्तर पलटणीतल्या कवायतीचा एक मार्च घेऊन आले. चाल अवघड, साहेबी, आणि तिच्या तिसऱ्या भागात एक गंमत. तिथं क्लॅरोनेटवाले, कॉर्नेटवाले सगळे आपलं वाद्य तोंडावरून खाली घेतात, ताशा हळू होतो, आणि गाणं येतं बेसकडे. एकट्या बेसकडे! मास्तर म्हणाले, पलटणीत हे वाजवणारा गोरा होता आणि तोही घाबरून असायचा. नाथाजीनं पुढचं ऐकलंच नाही. एकटा बेस, एवढंच त्याच्या कानात राहिलं.

आणि योग बघा. त्याच हंगामात बाळगोंडा शेटच्या लेकीचं, त्रिशलाचं लग्न निघालं. शेट मोठे हौशी. वरातीला अनंत मास्तरांचा बँड ठरवला, आणि मांडवाच्या दारात सनई हवी म्हणून वडिलांच्या वेळची ओळख धरून साताऱ्याहून बोलावली. लालासाहेबाची. नाथाजीच्या हातातून ढेप निसटता निसटता राहिली.

आता तो तिसरा भाग शिकणं आलं. कागदावर पाच रेघा आणि त्यांवर काळे ठिपके, ओल्या अंगणातून कोंबडी फिरून गेल्यासारखे. नाथाजीला ते वाचता येईना. मास्तर तोंडानं म्हणून दाखवत, तेवढ्यापुरतं बसे आणि घरी येईपर्यंत सांडून जाई. शिवाय बेस हे वाद्य म्हशीच्या चालीचं. फुंकल्यावर जरा थांबून, विचार करून आवाज देणार. आणि इथं तर चाल धावायची, मधेच उडी मारून वर चढायचं आणि घरंगळत खाली यायचं. सनईवर बोट उचललं की स्वर हजर. इथं तीन कळा, तीन बोटं, आणि नेमकं मधलं बोट ढेपांनी आखडलेलं. छातीतला वारा संपायचा तिथं गाणं संपायचं नाही, आणि गाणं संपायचं तिथं नाथाजी संपलेला असायचा.

गावभागातल्या त्यांच्या बोळात पहिले काही दिवस बोंबाबोंब झाली. कुणाचं तान्हं उठलं, कुणाच्या म्हशीनं पान्हा चोरला. नाथाजी वाद्य घेऊन घाटावर गेला, तर धुणं धुणाऱ्या बायकांनी हाकलला. परत घरी आला आणि चुलीपुढं बसून फुंकू लागला. वर चढायची जागा आली की नेमका घसरायचा. अंजना भाकरी थापत होती, चूल विझली होती, फुंकायला फुकणी सापडत नव्हती, धुरानं डोळे लाल झाले होते. ती वैतागून म्हणाली, "आवं, मांजर माळ्यावर कसं चडतं? थांबून थांबून चडतं व्हय? एका दमात जावा की वर." आणि मग तिनं त्या चालीवर शब्द बसवून, म्हणूनच दाखवलं:

"फुकणी कुठं ठिवली, आगं फुकणी कुठं ठिवली,
मांजर गेलं माळ्यावर, दूध सांडलं खाली."

नाथाजी बघतच राहिला. मास्तरांच्या कोंबडीच्या पावलांत जे सापडत नव्हतं ते बायकोच्या तोंडात होतं. मांजर वर गेलं तिथं चाल वर गेली, दूध सांडलं तिथं ती बरोबर खाली आली. श्वास कुठं घ्यायचा? ठिवली म्हटल्यावर. त्यानं फुंकलं, आणि पहिल्यांदाच मांजर न घसरता माळ्यावर पोचलं.

तिथून पुढं घरात दुसरं काही वाजलं नाही. आणि बोळही बदलला. शब्द सापडल्यावर लोकांना त्रास वाटेना. दळणाला बसलेल्या बायका ती चाल म्हणू लागल्या. हळद निवडायला जाणाऱ्या बायकांनी ती पेठेत नेली. पोरं फुकणी शोधत बोळातून पळू लागली. मूळ मार्च कुणी ऐकलाच नव्हता. बोळाच्या हिशेबी गाणं एवढंच, आणि ते नाथाजीचं. एकदा शेजारचे तात्याबा चुकून बँडाच्या तालमीला गेले आणि परत येऊन रागानं सांगू लागले, की नाथाजी बिचारा नीट वाजवतोय, बाकीचे त्याच्यावर कायतरी भलतंच वाजवून सगळं नासवत्यात. नाथाजीचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बाकीच्यांना नावं ठेवली होती.

लग्नाचा दिवस आला. जैनांचं लग्न, जेवणं दिवस मावळायच्या आत उरकायची, म्हणून वरात भर उन्हाची निघाली. कोट नाथाजीला पोटावर बसत नव्हता, त्यानं वरचं एकच बटण लावलं. मास्तरांच्या त्यानं अक्षरशः पाया पडून सांगून ठेवलं होतं, की तिसरा भाग नेमका मांडवाच्या दारात येऊ द्या. दारालगतच्या ओट्यावर लालासाहेब बसला होता, फेटा बांधून. केस पांढरे झाले होते. शेजारी सूर धरायला कुणी चुलतभाऊ आणला होता, तो आधीच धापा टाकत होता. भावाभावांची नजरानजर झाली. लालासाहेबानं ओळख दाखवली, पण डोळे मिटून घेतले. सनईवाल्याची सवय.

सगळा बोळ वरातीमागं चालत आला होता, नाथाजीचं ऐकायला. हळद निवडणाऱ्या बायका आल्या होत्या. अंजना नवं लुगडं नेसून पुढंच होती. बँड दारात आला. मास्तरांनी हात खाली केला. क्लॅरोनेट खाली, कॉर्नेट खाली, ताशा हळू. नाथाजीनं छाती भरून घेतली आणि सुरू केलं. इतकं नितळ ते त्याच्याकडून कधी वाजलं नव्हतं. पहिली ओळ लागली, आणि गर्दीतून एक म्हातारी प्रेमानं म्हणाली, "फुकणी कुठं ठिवली..."

झालं. तात्याबांनी उचललं. बोळानं उचललं. हळदीच्या बायकांनी तर असं उचललं की मांडवाचं कापड हललं. अंजना त्यांना गप्प करायला म्हणून वळली आणि दुसऱ्याच ओळीला सगळ्यांत मोठा गळा तिचाच लागला. वऱ्हाडातल्या लोकांना शब्द पटकन आले, त्यांनीही मांजर माळ्यावर चढवलं. नाथाजीनं जोर केला. लोकांना वाटलं हुरूप देतोय, तेही जोरात म्हणू लागले. बेसचा आवाज त्या कल्लोळात गूळ पाण्यात विरावा तसा विरून गेला. मुंडावळ्यांआड त्रिशला फिदीफिदी हसत होती. बाळगोंडा शेटना हे काय चाललंय ते कळेना. आचारीलोकांची काही अडचण झाली असेल असं समजून त्यांनी माणूस आत पाठवला आणि खरोखरची एक फुकणी आणवून मास्तरांच्या हातात दिली.

ते हसण्यावारी गेलं असतं. पण गर्दी म्हणजे गर्दी. बायकांचा गळा वर निघाला, पुरुषांचा खाली राहिला, बोळ एका चालीनं आणि वऱ्हाड दुसऱ्या. सगळं फिसकटणार, बेसूर होणार, हे नाथाजीच्या कानांना आधी कळलं. आणि त्याच्या ओठांनी त्याला न विचारता गाणं सोडलं. नाकातून श्वास ओढला, गाल फुगले, आणि खाली एक स्वर धरला. एकच. हाले ना डुले. हळूहळू त्या स्वरावर लोक टेकू लागले, वरचे खाली आले, खालचे वर आले, आणि सगळी पेठ सुरात म्हणू लागली की दूध सांडलं खाली. मग बँड पुन्हा सुरू झाला आणि तिसरा भाग संपला. ज्यासाठी इतकं केलं ते संपलं, आणि ते गायलं होतं लोकांनी.

लालासाहेब ओट्यावरून खाली उतरला. त्याचे डोळे ओले होते. आता बोलेल, आता म्हणेल.

"नाथा, त्यो सूर तूच धरलास न्हवं? येवढ्या गलबल्यात वळाकला म्या. तू गेल्यापासनं माज्या सनईखाली असा सूर कुनी धरला न्हाई."

नाथाजीनं विचारलं, "आन गानं?"

"गानं बरं हाय की," लालासाहेब म्हणाला. "पर त्यात काय, त्ये तर समद्यास्नीच येतंय."

नाथाजीला राग आला. इतका, की बेस तिथंच टाकून कृष्णेकाठानं पुन्हा कुठंतरी चालू लागावं. पण त्याहून वाईट म्हणजे त्याला बरंही वाटलं होतं, आणि ते त्याला लपवता येईना. लालासाहेबानं धापा टाकणाऱ्या चुलतभावाला उठवलं आणि ती जागा हातानं झटकली. भाऊ वाट बघत उभा राहिला. हे त्यानं यापूर्वी कधी केलं नव्हतं.

मुहूर्ताला नाथाजी सुरावर बसला. थोरल्यानं डोळे मिटून सनई अशी लावली की मांडव गप्प झाला. बायकांनी रिवाजाप्रमाणे डोळे पुसले. अंजनानंही पुसले. शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, सनई लय ग्वाड वाजतीया, न्हाई?

"सनई कोन ऐकतंय?" अंजना म्हणाली.