उपाशी उंदरांचा पोळा

पोळ्याच्या दिवशी दुपारी, आदिलाबाद शहराबाहेरच्या एका फार्मसी कॉलेजच्या प्राणिगृहात, प्रयोगासाठी उपाशी ठेवलेल्या पांढऱ्या उंदरांना गूळ-भाकरीचा मलिदा खाऊ घातला गेला. खाऊ घालणारा तिथलाच कामगार होता. प्रयोग त्याच दिवशी बाद झाला.

प्रयोग एका विद्यार्थिनीचा होता. पोटातल्या जखमांवर एका रानझाडाच्या सालीचा गुण येतो का, हे तिला पाहायचं होतं. त्यासाठी उंदरांना आदल्या दिवसापासून नुसत्या पाण्यावर ठेवायचं, सकाळी पोटात जखमा करणारं औषध पाजायचं, त्यातल्या काहींना सालीचा अर्क द्यायचा आणि संध्याकाळी सगळ्यांना वेदना न देता मारून पोटं तपासायची, असं ठरलं होतं. मध्येच पोटात अन्न गेलं तर निष्कर्षाला अर्थ राहत नाही. मलिदा दिला तेव्हा औषध पाजून झालं होतं. आता त्यांना जगवणं म्हणजे दुखत ठेवणं, असं कॉलेजचे पशुवैद्य म्हणाले. संध्याकाळी उंदीर मारले गेले. पोटं कोणी तपासली नाहीत.

अशा प्रयोगांना आधी एका समितीची परवानगी लागते. नियमाप्रमाणे तिच्यात विज्ञानाशी संबंध नसलेला, बाहेरचा एक माणूस असावा लागतो. वर्तमानपत्रातून निवृत्त होऊन मी आदिलाबादला राहायला आलो, त्यानंतर ती जागा मला मिळाली. बैठका तेलुगु आणि इंग्रजीत चालत. तेलुगु मला कळते, बोलताना अडखळतो. एरवी माझं बोलणं व्हायचं ते दूधवाल्याशी, तेही भांडं पुढे करण्यापुरतं.

कामगार तलमडुगुकडचा, मराठी. बायको वारलेली, मुलगा मंचेरियलला कोळशाच्या खाणीत. प्राणिगृहाला लागून असलेल्या खोलीत तो एकटा राही. मी पाहणीला जाई तेव्हा माझ्याशी मराठीत बोले. पिंजरे पुसताना उंदरांशीही मराठीतच बोलत असे.

पोळ्यानंतर समितीची बैठक बोलावली गेली. प्रयोग पुन्हा करू द्यायचा का, एवढाच विषय होता. मी पोचलो तेव्हा कामगार बाहेर बाकावर बसला होता.

‘खाऊ घालू नये अशी दारावर पाटी होती ना, भाऊ?’ मी विचारलं.

‘होती. वाचली बी होती.’

‘मग?’

‘आमच्यात पोळ्याच्या दिवशी जनावरानं खाल्ल्याबिगर घरधनी जेवत नाही, सायेब. मी ताट वाढून बसलो अन् हे सारे जाळीला तोंड लावून पाहून राह्यले. घास कसा उतरन?’

 मग तो म्हणाला, ‘माह्यावर काय करतीन ते करू द्या. एकच इचारतो. माह्या हातानं झालं त्यापाई दुसरे आणतीन का?’

‘ते आत ठरायचं आहे.’

‘तुमी आत असता ना?’

‘असतो.’

‘मंग पाहा जरा.’

आधी त्याला आत बोलावलं. प्राचार्य त्याच्याशी हिंदीत बोलले. ‘पोळा तो बैलों का होता है.’

‘बैल नहीं हैं, सर. जो है, उसका किया.’

‘अच्छा हुआ, साँप नहीं रखे हमने. नागपंचमी को दूध पिलाता.’ दोघे-तिघे हसले. तोही थोडा हसला. मग त्याला बाहेर पाठवलं.

चर्चा लांबली नाही. गरज नसताना तोच प्रयोग पुन्हा करू नये आणि प्राणी कमीत कमी वापरावेत, असं नियम सांगतात. निम्म्या उंदरांत भागेल का, असं मी विचारलं. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगितलं की तेवढ्यांवरून खात्रीचं काही सांगता येणार नाही, म्हणजे तेही फुकट जातील. प्राण्यांशिवाय हे तपासता येईल का, असंही विचारलं. इथल्या प्रयोगशाळेत नाही, असं उत्तर मिळालं. विषय सोडून दिला तर आधीचे कशासाठी मेले, असा प्रश्न एकाने केला. नवे उंदीर हैदराबादहून आणायचे होते. त्यांचा आणि त्यांच्या खाद्याचा खर्च कॉलेज पुन्हा देणार नव्हतं. तो विद्यार्थिनीवर पडणार होता. तिच्या वडिलांचं भैंशाला किराणा दुकान आहे. ती खाली पाहत बसली होती. पदवी याच प्रयोगावर अडली होती.

परवानगीसाठी हात वर करायला सांगितलं गेलं. सगळ्यांचे वर झाले, माझाही. विरोध नोंदवायला लागेल असं कारण माझ्याजवळ नव्हतं. कामगाराला कामावर ठेवायचं, मात्र उपासाच्या काळात प्राणिगृहाची किल्ली पशुवैद्यांकडे राहील, अशी अट घातली गेली.

तो बाकावरच होता.

‘आणणार आहेत,’ मी म्हणालो.

‘कमी?’

‘तेवढेच.’

‘तुमी काय म्हणले?’

‘हो म्हणालो.’

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, ‘मी खाऊ नसतं घातलं तं एवढेच मेले असते.’

‘हो.’

‘आता दुप्पट.’

‘हो.’

‘चहा घेता का?’

फाटकासमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला.  तो कॉलेजकडे वळला, मी बसथांब्याकडे.

नवे उंदीर आले. नव्या जागेची सवय व्हावी म्हणून काही दिवस त्यांना तसंच ठेवतात. त्या दिवसांत मी पाहणीला गेलो. पिंजरे स्वच्छ होते, भुसा कोरडा, पाण्याच्या बाटल्या भरलेल्या. तो काम करत होता आणि उंदरांशी बोलत नव्हता.

‘यांच्याशी बोलत नाही का?’ मी विचारलं.

‘काऊन बोलू?’ तो म्हणाला, आणि पुढचा पिंजरा ओढला.

उपास सुरू व्हायच्या सकाळी पशुवैद्य किल्ली मागायला येण्याआधीच त्यानं ती त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी प्रयोग ठरल्याप्रमाणे पार पडला. पोटं तपासली गेली. संध्याकाळी किल्ली त्याला परत मिळाली आणि रिकामे पिंजरे त्यानं धुतले.