गोपिकाबाईची चाळलेली माती

रामटेक रोडवरच्या रोपवाटिकेत गोपिकाबाईपुढे साहेबाचंही काही चालत नसे. अठ्ठावीस वर्षांचा हात! तिची माती तीनदा चाळलेली, उन्हाळाभर प्लास्टिकखाली तापवलेली. कीड नाही, बुरशी नाही. साग, आवळा, बांबू, सगळं त्या मातीत फोफावलं.

यंदा चिखलदऱ्यासाठी पाइनची तीन हजार रोपं करायची होती. त्यांनी बाईच्या नाकी नऊ आणले. बोटभर वाढली नि थांबली, पानं जांभळी पडली. वनखात्याकडून तपासणीला आलेली तरुण अधिकारी अपेक्षा म्हणाली, “मावशी, यांना फॉस्फरस मिळत नाही.” बाईनं खत दिलं, तेही मातीच्या कणांनाच चिकटून बसलं. शेवटी साहेबानं येत्या सोमवारी सगळी रोपं उपटून टाकायचं ठरवलं. आपल्या हातचं रोप मेलं, हे ऐकायची बाईला सवय नव्हती. तिला जेवण गोड लागेना.

एक रांग मात्र हिरवीगार होती. बाई आजारी असताना नव्यानं कामाला लागलेल्या प्रीतीनं ती भरली होती, आवारातल्या जुन्या पाइनखालची माती तशीच उचलून. “काहून वं, चाळता येत नाही तुले?” म्हणून बाईनं तिला चांगलंच झापलं होतं.

आता बाईनं अपेक्षासमोर त्यातलीच एक पिशवी फाडली. मुळांना कापसासारखे पांढरे धागे लगडलेले.

“हे काय होय?”

“बुरशी, मावशी. पण कामाची,” अपेक्षा म्हणाली. “मूळ पोचत नाही तिथं हे धागे जातात, आम्ल सोडून खनिजांतला फॉस्फरस मोकळा करतात नि मुळाला देतात. रोप त्यांना साखर देतं. पाइनचं यांच्यावाचून भागत नाही.”

“म्हणजे मीच भाजून मारली म्हणा ना तिले.”

“तसं नाही…”

“तसंच हाय. समजूत नका घालू मले.”

लाज वाटली तिला, खरंच वाटली. पण लाज कुरवाळत बसणारी बाई नव्हती ती. टोपलं घेऊन जुन्या पाइनखाली गेली. दोन दिवसांत तीन हजार पिशव्यांत मूठ मूठ माती पडली. मग साहेबाला बजावलं, “दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही. हिरवी नाही झाली, तर मी घरी बसीन.”

दिवाळीला रोपं वीतभर झाली, हिरवी! साहेब पाहुण्यांना कौतुकानं सांगू लागला, “गोपिकाबाईचा हात!”

“माहा हात नाही,” बाई मध्येच बोलली. “प्रीती, सांग वं यायले, ती माती काहून घेतली तू?”

प्रीती लाजत म्हणाली, “चाळायचा कंटाळा आला होता मले.”

सगळ्यांत मोठ्यानं गोपिकाबाईच हसली. चाळणी मात्र अजून खुंटीवर आहे. सागाला ती लागतेच.