पाणी लागेपर्यंत दगड हलवायचा नाही

शिरपूरहून एसटी निघाली तेव्हा कपाशीच्या गाठोड्यांना बसायला जागा होती, मला नव्हती. त्यात निम्म्या वाटेत टायर बसला. माझा पारा मुळात लवकर चढतो, त्यात एप्रिलचं ऊन. पण सातपुड्याच्या पायथ्याला एका नव्या विहिरीतून पांढऱ्या स्फटिकांचा काळा दगड निघतोय असं कळलं होतं, आणि मी पुण्यात कॉलेजात भूशास्त्र शिकवते. उघड्यावरचा दगड ऊनपावसाने सडतो. ताजा हवा तर विहीरच गाठायला हवी.

फाट्यावर उतरून पायी निघाले. नाना आणि अक्का हे नवरा-बायको विहिरीवरच भेटले. नाना आत सुरुंगाने फुटलेला दगड पाटीत भरत होते, अक्का दोरीने वर ओढत होत्या. त्यांची शेती पावसावरची. पाणी लागलं तर दिवाळीनंतर घराला कुलूप लावून गुजरातेत ऊसतोडीला जायचं टळणार होतं. अक्कांनी हे मला पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं.

काठावरच्या ढिगातला एक दगड उचलला आणि मी खालीच बसले. बोटभर लांबीचे पांढरे स्फटिक, सगळे एकाच दिशेला कललेले! एवढा स्फटिक घाईत वाढत नाही. जमिनीच्या पोटात खोलवर, वितळलेल्या खडकात, म्हणजे शिलारसात, तो निवांत वाढलेला असतो. भिंगातून त्याच्यात झाडाच्या खोडासारखी वलयं दिसली. एक वलय कडेने खाल्लेलं होतं. म्हणजे मध्येच खालून जास्त तापलेला रस येऊन मिसळला, स्फटिक थोडा विरघळला, आणि मग पुन्हा वाढू लागला. पुढे सगळा रस उसळून वर आला, वाहता वाहता त्याने स्फटिक आडवे लोळवले, आणि इतक्या लवकर थिजला की उरलेल्या काळ्या दगडात कण म्हणून दिसत नाही. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीचं हे सारं माझ्या तळहातावर होतं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

अक्कांनाही भिंग दिलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मी दगड पिशवीत घालू लागले तर त्यांनी माझं मनगटच धरलं. पाणी लागेपर्यंत विहिरीचा दगड काठावरून हलवायचा नाही, दगडामागे पाणीही चालतं होतं, असं नानांनी आतूनच ओरडून सांगितलं. मी वाद घातला. एवढ्या लांबून आले, एक दगड नेल्याने काय होणार आहे, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा वाढला. मग काय वाद घालणार, कपाळ?

दोन दिवस तिथेच राहिले, दगड तिथेच बसून बघितला, चित्रं काढली. तिसऱ्या दिवशी रिकाम्या पिशवीने फाट्यावर आले. गाडीची वाट बघत होते, तेवढ्यात अक्का झपझप येताना दिसल्या. पदरात तोच दगड. मला इतका आनंद झाला की धावतच पुढे गेले.

"पाणी लागलं?"

"पानी नही लागनं," अक्का म्हणाल्या. "खालना थर बी कोरडा शे. नानांनी काम बंद करं. आते दगड लई जाय." (आता दगड घेऊन जा.)

मला दगड हातात धरवेना. गाडी आली. अक्कांनी पुन्हा भिंग मागितलं, स्फटिकावर धरलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "इतला खालथून दगड वर ऊना. मंग पानी काबर नही ऊनं?" (एवढ्या खालून दगड वर आला, मग पाणी का नाही आलं?)

कंडक्टरने घंटी मारली. अक्कांनी दगड माझ्या पिशवीत घातला आणि मी चढले.

पुण्यात आल्यावर तो कापला. मी एवढे सुरेख स्फटिक त्याआधी कधी पाहिले नव्हते. दर वर्षी नवी मुलं त्याच्याभोवती गर्दी करतात, थक्क होतात. मीही अजून होते. कोणीतरी विचारतंच, बाई, हा तुम्हाला मिळाला कसा? मी सांगते, विहीर कोरडी गेली म्हणून.