शिट्टीचा बंदोबस्त

त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी सगळ्या वस्तीत ते बंदोबस्त. पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. कुठल्या गल्लीला पाणी सोडायचं आणि कुठल्या गल्लीचं तोडायचं, हे हातातल्या लांब लोखंडी चावीनं ठरवणारा माणूस. निवृत्त झाले तेव्हा खात्यानं चावी परत घेतली, पण हाताची सवय कोण परत घेणार? झोपण्याआधी ते घरभर एक फेरी मारत. गॅस बंद, नळ बंद, खिडक्या बंद, कपाटाचं दार ढकलून बघायचं, मग फ्रीजचंही ढकलून बघायचं. एकदा मुक्कामाला आलेले व्याही गप्पा मारता मारता खुर्चीतच घोरायला लागले, तेव्हा ‘चला, हेही बंद झाले’ असं पुटपुटत बंदोबस्त पुढच्या खोलीत गेले होते.

अशा माणसाच्या घरात शिट्टी वाजवणारी बायको यावी, ही एक गंमतच. मामी (सगळी वस्ती त्यांना मामी म्हणायची, कारण त्यांची भाची तसं म्हणायची) शिट्टीवर अख्खी चाल वाजवत, हरकतींसकट. पुढच्या दोन दातांमध्ये जन्मतःच बारीक फट होती, तिचा त्यांनी असा सोन्यासारखा उपयोग करून घेतला होता. बाईमाणसानं शिट्टी वाजवू नये, असं सासूबाईंनी बरीच वर्षं सांगून पाहिलं. शेवटी सासूबाई थकल्या, शिट्टी थकली नाही. बंदोबस्त काही बोलत नसत. शिट्टी सुरू झाली की उठून खिडकी तेवढी लावून घेत. मामींना वाटे, ह्यांना लाज वाटते. खरं म्हणजे ती शिट्टी त्यांना इतकी आवडायची की त्यातली थोडीसुद्धा बाहेर सांडू नये, असं त्यांना वाटायचं. हे एकदा तरी बायकोला सांगावं की नाही? पण कौतुकाचा व्हॉल्व्ह या माणसाचा पहिल्यापासूनच गंजलेला.

पुढे मामींचे ते दोन दात हलायला लागले आणि काढावे लागले. नवे बसवले ते दिसायला झकास, अगदी एकाला एक चिकटून. फट गेली आणि फटीबरोबर शिट्टीही गेली. मामी ओठांचा चंबू करून जीव खाऊन फुंकायच्या, बाहेर यायची नुसती हवा. पण बाई हुशार. दातांच्या डॉक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी आपली सगळ्यात आवडती चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड करून ठेवली होती. बंदोबस्त तेव्हा बाथरूममध्ये होते, त्यामुळे त्यांना पत्ताच नव्हता. नंतर मामींनी सांगितलं, ‘‘ठेवलीय एक. मन घट्ट झालं की लावीन, तेव्हा दोघं ऐकू.’’ आणखी कुठेतरी कॉपी करून ठेव, असं भाचीनं दहा वेळा बजावलं होतं. मामी दहाही वेळा ‘करते’ म्हणाल्या होत्या.

ही भाची म्हणजे बंदोबस्तांच्या बहिणीची मुलगी. तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. घरातला कॉम्प्युटर तिनंच आणून बसवला होता आणि मामा-मामींना सोपं जावं म्हणून त्याची सगळी भाषा मराठी करून दिली होती. उपकार करायला गेली बिचारी, आणि तिथेच घोळ झाला.

कारण एका रात्री फेरी मारताना बंदोबस्तांचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या ढालीकडे गेलं. ती दाबली तर आत लिहिलेलं : ‘संरक्षण – चालू’. चालू? रात्रभर? खात्यात चालू म्हणजे पाणी वाहतंय, आणि बंद म्हणजे मुंगीसुद्धा आत शिरणार नाही. शिवाय ज्यांच्या हाती चावी द्यायला ते कधी धजले नसते, अशा माणसांना ते ‘चालू’च म्हणत. त्यांनी बटण दाबलं. मशीननं विचारलं, नक्की का? नक्की म्हणजे काय, शंभर टक्के. ‘संरक्षण – बंद’ अशी अक्षरं उमटली आणि ढालीवर लाल खूण आली. खात्यात बंद व्हॉल्व्हवर लालच पट्टा मारायचे. बंदोबस्त त्या रात्री गाढ झोपले.

सकाळी पाहतात तर संरक्षण आपोआप चालू. गळका व्हॉल्व्ह, त्यांनी निदान केलं. त्यांच्यासारख्यांना गळक्या व्हॉल्व्हचं काय कौतुक? रोज रात्री गॅस आणि नळांच्या बरोबरीनं ते अँटिव्हायरससुद्धा इमानेइतबारे बंद करायला लागले. त्यातच इंटरनेटच्या कुठल्याशा पानावर त्यांना फुकट धबधबा सापडला. पडद्यावर खराखुरा कोसळणारा, खळखळ आवाजासकट. पाण्यात जन्म गेलेल्या माणसाला तो मोह कसा आवरणार? त्यांनी तो रात्रीच्या फेरीतच, ढाल लाल करून झाल्यावर, निवांतपणे उतरवून घेतला.

आणि मग एका दुपारी मामींचं मन घट्ट झालं. त्यांनी केस विंचरले, बंदोबस्तांना शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि कॉम्प्युटर चालू केला. धबधब्यातून एकामागून एक जाहिराती बाहेर पडायला लागल्या. टक्कल घालवणाऱ्या तेलाची, गुडघ्याच्या पट्ट्याची, आणि मोटार जिंकल्याबद्दल बंदोबस्तांचं अभिनंदन करणारी एक बाई. एक बंद केली की दोन उघडत. मशीनचा पंखा चढावर चालल्यासारखा धापा टाकत होता. मामींनी या सगळ्याच्या मागे डोकावून पाहिलं. जिथे त्यांचं ‘शिट्टी’ नावाचं फोल्डर होतं, तिथे काहीच नव्हतं.

‘‘अहो,’’ मामी अगदी हळू म्हणाल्या, ‘‘माझी शिट्टी कुठे गेली?’’

आयुष्यात मोठमोठ्या पाइपलाइनी फुटलेल्या बंदोबस्तांनी पाहिल्या होत्या, पण बायकोचा आवाज असा बारीक झालेला पाहिला नव्हता. त्यांनी भाचीला फोन लावला. तिनं शांतपणे विचारलं, मामा, ती ढाल कशी आहे? लाल आहे, मामांनी सांगितलं. आणि संरक्षण?

‘‘बंद आहे. एकदम कडेकोट बंद. त्याची तू काळजीच करू नकोस. मी स्वतः रोज बंद करतो.’’

मग भाचीनं विचारलं, ‘‘मामा, रात्री वॉचमनला घरी पाठवून फाटक बंद केलं असं म्हणतात का हो?’’

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तो एकदम झगझगीत. म्हणजे ढाल खाली ठेवली ती त्यांनीच, चोराला हात धरून आत आणला तो त्यांनीच, वर चोराच्या खळखळाटाचं कौतुक केलं तेही त्यांनीच. त्यांना इतकी शरम वाटली की मामींकडे बघायचा धीर होईना. आता तरी ते चालू करा, असं भाची म्हणाली, तर बटण राखाडी पडलेलं, दाबलं जाईना. खाली एक ओळ आली होती : ‘ही सेटिंग प्रशासकाच्या ताब्यात आहे.’

ही ओळ वाचून बंदोबस्तांनी हातच टेकले. प्रशासक म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. नगरपालिका बरखास्त झाली की वरून प्रशासक येतो, आणि मग कुणाचं काही चालत नाही. त्यांच्या नोकरीत दोन प्रशासक आले होते आणि दोघांनीही त्यांची रजा अडवली होती. मामींनी विचारलं, आपल्या घरात कुठला प्रशासक? बंदोबस्तांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की एवढ्या काळजीतही मामींना हसू फुटलं.

भाचीनं फोनवर समजावलं. घुसलेल्या व्हायरसनंच प्रशासकाचं सोंग घेतलंय. तुम्हाला संरक्षण चालू करता येऊ नये म्हणून त्यानं बटणच अडवून ठेवलंय. आता काहीही दाबू नका, पासवर्ड टाकू नका, त्या मोटारवाल्या बाईला उत्तर देऊ नका. ‘‘फक्त एक करा. नेट बंद करा. हे मात्र खरोखरचं बंद.’’

मेन लाइन तोडायची, एवढंच ना? इतका वेळ खांदे पाडून बसलेला माणूस ताडकन उठला. भिंतीजवळ बसून त्यांनी वायर अशी उपसली की तिच्याबरोबर टेबलाखालची जुनी चप्पल, एक बॉलपेन आणि कधीतरी हरवलेला मामींचा चष्मासुद्धा बाहेर आला.

भाची दुकान नोकरावर सोपवून धावत आली. तिच्याजवळ पेनड्राइव्ह होता, दुकानातल्या धडधाकट कॉम्प्युटरवर तयार केलेला. घरातल्या मशीनला जागं न करता, त्या पेनड्राइव्हवरूनच सगळं सुरू करायचं आणि आतला कोपरान् कोपरा तपासायचा, असा तिचा बेत. व्हायरस झोपलेला असतानाच उचलायचा, ती म्हणाली. त्यावर बंदोबस्त कुजबुजत बोलायला लागले. त्यांचं बघून मामीही कुजबुजायला लागल्या. शेवटी भाचीनं सांगितलं, त्याला ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला.

पडद्यावर तपासणीची पट्टी सरकत होती. बंदोबस्त तिच्यावर नजर ठेवून, पाण्याची टाकी भरताना बघतात तसे, हात मागे बांधून उभे होते. धबधबा सापडला. धबधब्याची तीन पिल्लंही सापडली. भाचीनं सगळ्यांना उचलून बाहेर काढलं, त्या तोतया प्रशासकाचा हुकूम रद्द केला, कॉम्प्युटर पुन्हा नेहमीसारखा सुरू केला. बटण आता दाबलं जात होतं. ते तिनं मामांना दाबायला लावलं. संरक्षण चालू. ढाल हिरवी. मामांनी तो शब्द दोनदा मोठ्यानं वाचला.

पण फोल्डर अजून दिसत नव्हतं. मामी पदराचं टोक पिरगळत होत्या. बंदोबस्त म्हणाले, ‘‘मोटार गेली तरी चालेल, धबधबा गेला तरी चालेल. हिची शिट्टी तेवढी शोध. माझ्यामुळे गेली तर मी या घरात तोंड कुठे लपवू?’’

असले व्हायरस कधी कधी फोल्डर पुसत नाहीत, नुसतं लपवतात, असं म्हणत भाचीनं लपवलेल्या फायली दाखवण्याची एक खूण केली. फिकट, अर्धवट विरलेलं एक फोल्डर पडद्यावर उगवलं. शिट्टी. बंदोबस्तांनी आनंदाच्या भरात टेबलावर थाप मारली, आणि सगळे पहिल्यांदा पडद्याकडेच बघायला लागले की पुन्हा काही बिघडलं का. काही बिघडलं नव्हतं. भाचीनं आधी फायलीची कॉपी करून घेतली, तीही दोन ठिकाणी, आणि मग आवाज वाढवून ती लावली.

शिट्टी सुरू झाली. काय ती सुरुवात. मामींनी डोळे मिटून घेतले. बंदोबस्तांनी मात्र उघडेच ठेवले आणि ते बायकोकडे बघत राहिले. चाल वर चढली, वळली, सगळ्यात अवघड हरकत आली, आणि नेमकी त्याच जागी, कॉम्प्युटरच्या आत खोल कुठूनतरी, बाथरूममधून बादलीच्या आवाजासकट एक खणखणीत आरोळी आली :

‘‘अगं, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद कर.’’

रेकॉर्डमधली शिट्टी क्षणभर डगमगली. फुसकन् हसू आल्याचा आवाज आला. मग तिनं स्वतःला सावरलं आणि दुप्पट जोमानं चाल शेवटपर्यंत नेली.

भाची हसून हसून खुर्चीवरून घसरली. बंदोबस्त कानापर्यंत लाल झाले. बायकोची अखेरची शिट्टी, आणि तिच्या मधोमध त्यांनी कुकर घुसवून ठेवला होता. त्यांनी भाचीला विनवलं, तेवढं कापता येत असेल तर काप. येतं की, भाची डोळे पुसत म्हणाली, कुणी बोललं होतं हे कळणारसुद्धा नाही. तिनं माऊसला हात घातला.

मामींनी तिचं मनगट धरलं.

‘‘अजिबात कापू नकोस. एवढ्या वर्षांत माझ्या शिट्टीला ह्यांनी दिलेली साथ ती तेवढीच आहे.’’

बंदोबस्तांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि या खेपेला खरोखरच बोलले. म्हणाले, तुझी शिट्टी मला फार आवडायची गं, पहिल्यापासून. मग त्यांनी स्वतःच माऊस हातात घेतला आणि चाल पुन्हा पहिल्यापासून लावली.