मुंतहाबाईंची भाड्याची गाडी

बत्रूनच्या बंदराजवळ मुंतहाबाईंचं कापडाचं दुकान होतं. नवरा होता तोवर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायची सोय नव्हती. बायकोनं शेजारी बसावं आणि वळण आलं की मरियममातेचं नाव घ्यावं, एवढंच त्याला मान्य. तो गेला, मुलानं कॅनडाला जाताना गाडी विकून टाकली, आणि मग बाई साठीच्या तोंडावर गाडी चालवायला शिकल्या. तेव्हापासून दर उन्हाळ्यात एक दिवस त्या भाड्यानं गाडी घेत. किनाऱ्याचा रस्ता धरायचा, मग डोंगर चढायचा आणि देवदारांच्याही वरच्या खिंडीत जाऊन मागे वळून बघायचं. लहानपणी वडिलांच्या सफरचंदांच्या ट्रकमधून त्यांनी तिथून अख्खा समुद्र पाहिला होता. तो एकदा परत बघायचा होता.

आजवर एकदाही दिसला नाही. दुपार झाली की समुद्रावरून धुकं डोंगर चढायला लागतं, आणि दुपारच्या आत बाईंना वर पोचू देईल असा एकही माणूस त्या रस्त्यावर राहत नव्हता.

यंदा तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आतला पडदा झिजत चाललाय. या उन्हाळ्यानंतर गाडी बंद." बाईंनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर गाडी त्याच दिवशी बंद झाली असती.

पहाटे त्या गुपचूप निघणार होत्या. पण गाडी भाड्यानं देणाऱ्यानं कालच गावभर केलं होतं. दाराशी शेजारीण काचेची बरणी घेऊन उभी.

"वरच जाताय ना, मग एवढं लोणचं माझ्या बहिणीकडं टाका. वाटेतच आहे."

"वाटेत नाही. डोंगराच्या पलीकडं आहे."

"गाडीला काय कळतंय?"

तिच्या मागून एक गादी आली, मग ऑलिव्हच्या तेलाचा डबा. पुढच्या सीटवर नणंद लोरिस आधीच बसली होती, मांडीवर पर्स, तोंड चालू. लोरिसला डोंगर-समुद्राचं काही पडलेलं नव्हतं. तिला नातेवाईक बघायचे होते.

पहिल्याच गावात कॉफी. दुसऱ्या गावात कॉफी आणि अंजिरं. नको म्हणावं तर माणसं वर्षभर धरून बसतात. हसरून गावात लोरिसच्या चुलतबहिणीच्या, फदवाच्या गच्चीवर पोचेपर्यंत बाईंच्या डोक्यात तिडीक गेली होती. फदवा आत कोथिंबीर चिरत होती, म्हणजे जेवण होतं.

"लोरिस, ऊठ. धुकं येईल."

"येऊ दे की. धुकं पाहुणं आहे का, त्याच्या आधी पोचायला? अगं वहिनी, दोन घास खाऊन जाऊ, फदवाला काय वाटेल?"

"गेली पाच वर्षं फदवाला काय वाटेल तेच बघतेय मी."

लोरिसनं ऐकलं नाही, ती फदवाच्या सुनेचं बाळंतपण ऐकत होती. बाई गाडीतून चष्मा आणते म्हणून उठल्या, गाडीत बसल्या आणि निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या कुणाच्या तरी घरून न जेवता पळाल्या होत्या. लाज वाटत होती आणि फार बरंही वाटत होतं.

वळणांचा रस्ता त्यांनी सांभाळून, कडेकडेनं चढवला. खिंडीत दुपारच्या आत पोचल्या, उतरल्या, कठड्याला धरून मागे वळल्या. सगळं पांढरं होतं.

शेजारी एक जण पिकअपमध्ये मक्याची कणसं उकडत होता. त्याच्यावरच बाई करवादल्या, "आज एवढ्या लवकर कसं काय आलं धुकं?"

"कुठलं धुकं, मावशी? आज स्वच्छ आहे. पार जहाजं दिसतायत."

बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग कठड्यावर बसल्या आणि त्यांना रडू आलं. सगळ्या कॉफ्यांचा, सगळ्या बरण्यांचा त्यांना राग आला. गेल्या वर्षी दिसलं असतं. फोन वाजत होता.

"कुठं तोंड काळं केलंस?" लोरिस ओरडत होती. "ताटं वाढलीयत इथं. फदवा रडकुंडीला आलीय."

"खिंडीत आहे. धुकं नाहीये. मलाच दिसत नाहीये, लोरिस. डॉक्टरांनी सांगितलं होतं."

पलीकडं ताटांचा आवाज येत राहिला.

"तिथंच बस," लोरिस म्हणाली. "स्टिअरिंगला हात लावशील तर बघ."

ती बटाट्यांच्या ट्रकमधून आली, पर्स छातीशी, केसांत माती. आल्या आल्या कठड्याला टेकली आणि धापा टाकत सांगायला लागली. "हे बघ, ते खाली हसरून, ती फदवाची गच्ची. त्याच्या खाली ते लाल छप्पर सलमाचं असणार, तिच्या मुलीचं मोडलं बघ ते लग्न, ती. आणि त्या वळणावर—"

मुंतहाबाईंनी तिचा दंड घट्ट धरला.

"घरं नको सांगूस गं," त्या म्हणाल्या. "समुद्र सांग."