दहा गोळ्या, एक भोक

टीप वाकडी येते म्हणून काल शिलाई मशीनला तेल घातलं, आणि पिस्तुलालाही लावायचो त्या तेलाच्या वासाबरोबर साठच्या दशकातला, कानडी मुलखातल्या हेब्बाळकडचा आमचा नेमबाजीचा क्लब आठवला. माझे थोरले भाऊ, अण्णा, तिथले सर्वांत पक्के नेमबाज. पण त्या वर्षी त्यांच्या गोळ्या इकडेतिकडे जाऊ लागल्या. "पिस्तूल बाद झालंय, नवं मागवू," सगळे म्हणाले.

"आधी त्याची परीक्षा घेऊ. त्यात माझा हात नको," अण्णा म्हणाले. त्यांनी ते पॉइंट टू-टूचं पिस्तूल चामड्याचे तुकडे लावून सुताराच्या टेबलावरच्या लोखंडी पकडीत घट्ट आवळलं आणि दहा गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. मी निशाण्याचा कागद काढून आणला. दहा गोळ्यांचं मिळून एकच भोक होतं, चार आण्याच्या नाण्याखाली झाकलं जाईल एवढं.

अण्णांनी कागद उन्हात धरून त्या भोकातून पाहिलं आणि चक्क हसले.

"सरी!" ते कानडीत म्हणाले, म्हणजे ठीक. "पिस्तूल चोख आहे. गेलाय तो माझा हात." मग पिस्तूल पुसून माझ्यापुढे धरलं. "सुधा, रविवारच्या स्पर्धेत तू उतर."

तेव्हा मला फक्त स्पर्धेचा आनंद झाला होता. 'गेलाय तो माझा हात' हे चारचौघांत बोलायला काय लागतं, ते आता कळतंय.

टीप अजून वाकडीच येतेय. मशीनला आज मी पुन्हा तेल घातलं.